श्रीक्षेत्र गोकर्ण : समुद्र, तळे व झरा

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची किंवा पाणी ओलांडण्याची जागा असा आहे. नदी, तळे किंवा समुद्र यांच्या काठी जेथे उतरणे सोयीचे होते तेथे लोकांची ये-जा वाढली, घाट झाले, देवालये उभी राहिली, आणि अशी पुष्कळ स्थाने पुढे क्षेत्रे म्हणून प्रसिद्धीस आली. पाणी हेच अशा स्थानाचे मूळ धन होय. असे असूनही यात्रेला निघताना आपण देवळाची, धर्मशाळेची व मोटारगाडीची चौकशी करतो. पाण्याची चौकशी क्वचितच करतो. समुद्रकाठच्या क्षेत्री स्नानास किंवा सहलीस गेलेली माणसे बुडाल्याची वार्ता दरवर्षी वाचावी लागते. पठारावरील गावांतून आलेल्या, समुद्राशी परिचय नसलेल्या यात्रेकरूस हा धोका अधिक असतो. यास्तव प्रस्तुत लेखात गोकर्ण या क्षेत्राचा परिचय तेथील तीन प्रकारच्या पाण्यांच्या अनुषंगाने करून देण्याचे योजिले आहे. गोवा व बेळगाव या भागांतील मराठी कुटुंबांचा या क्षेत्राशी जुना संबंध असल्याने हा विषय गावोगावी उपयोगी पडेल.

स्थान व मार्ग

गोकर्ण हे कर्नाटक राज्याच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कुमठा तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी वसले आहे. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. येथील मुख्य दैवत महाबळेश्वर असल्यामुळे मराठी मुलखात 'गोकर्ण महाबळेश्वर' असा जोडउल्लेख करण्याची रीत आहे. सातारा जिल्ह्यातील थंड हवेचे महाबळेश्वर ते निराळे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

गावाच्या उत्तरेस गंगावळी व दक्षिणेस अघनाशिनी अशा दोन नद्या समुद्रास मिळतात. गंगावळीलाच वरच्या भागात बेडती म्हणतात व ती धारवाडकडील प्रदेशातून येते. अघनाशिनी शिरसीजवळ उगम पावते. अघनाशिनी म्हणजे पापाचा नाश करणारी. तिच्या मुखाजवळील खाडीत तिवरांची वने आहेत, शिंपले वेचून चरितार्थ चालविणारी कुटुंबे आहेत, आणि साणिकट्टा येथे मिठागरे आहेत. २०२४ साली या खाडीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

गोव्याहून येणाऱ्यास काणकोण, कारवार व अंकोला यांवरून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने येता येते. कारवारपासून गोकर्ण सुमारे ६० किलोमीटर आहे. मडगावहून कोंकण रेल्वेने येणाऱ्याने 'गोकर्ण रोड' या स्थानकावर उतरावे. तेथून गाव काही किलोमीटर दूर असल्याने पुढे रिक्षा किंवा बस करावी लागते. बेळगावकडील यात्रेकरू धारवाड, हुबळी, यल्लापूर व अरबैल घाटातून अंकोल्यास उतरतात. पावसाळ्यात मात्र या वाटांचा भरवसा धरू नये. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे महामार्गावर दरड कोसळून प्राणहानी झाली, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी कारवारजवळ काळी नदीवरील जुना पूल कोसळला. निघण्यापूर्वी मार्ग खुला असल्याची खात्री करून घेणे हे अशा दिवसांत आवश्यक ठरते.

परंपरा व मराठी संबंध

गोकर्णाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. रावणाने तप करून शंकरापासून आत्मलिंग मिळविले. ते वाटेत भूमीवर ठेवू नये अशी अट होती. समुद्रकाठी सायंसंध्येची वेळ झाली तेव्हा बालरूपाने आलेल्या गणपतीच्या हाती रावणाने ते लिंग दिले. गणपतीने तीन वेळा हाक मारली आणि रावण येण्यापूर्वीच ते खाली ठेवले. लिंग भूमीत रुतले; रावणाने सर्व बळ लावून ओढले तरी ते निघेना, परंतु पिळवटून गाईच्या कानासारखे झाले, म्हणून 'गोकर्ण'; आणि रावणाच्या बळास पुरून उरले म्हणून 'महाबळेश्वर'. लिंगावरील आच्छादने वगैरे रावणाने जेथे भिरकावली तेथे मुरुडेश्वर, धारेश्वर, गुणवंतेश्वर व शेज्जेश्वर ही स्थाने झाली, असे मानतात. गोकर्णासह या पाच शिवस्थानांची यात्रा करण्याचा प्रघात आहे.

या क्षेत्राचा उल्लेख महाभारतात आहे, तसाच कालिदासाच्या 'रघुवंश' काव्यातही आहे. तेथे नारद दक्षिण समुद्राच्या तीरावरील गोकर्णेश्वराच्या उपासनेस जात असल्याचे वर्णिले आहे. मराठी वाचकास गोकर्ण विशेष परिचित झाले ते 'गुरुचरित्रा'मुळे. त्या ग्रंथाच्या सहाव्या व सातव्या अध्यायांत गोकर्णमाहात्म्य सांगितले असून, श्रीपाद श्रीवल्लभांनी तेथे तीन वर्षे वास्तव्य केल्याची कथा आहे. छत्रपती शिवाजी महाराज १६६५ च्या आरंभी बसरूरच्या आरमारी स्वारीहून परतताना गोकर्ण येथे तीर्थस्नान करून अंकोल्याकडे गेले. गोव्यातील काणकोण तालुक्यात असलेल्या पर्तगाळी मठाच्या नावातही 'गोकर्ण' हा शब्द आहे. अशा रीतीने भाषा व राज्यांच्या सीमा ओलांडून हे क्षेत्र सर्वांचे झाले आहे.

यात्रेचा सर्वसामान्य क्रम असा : प्रथम कोटितीर्थात व समुद्रात स्नान, नंतर महागणपतीचे दर्शन, व त्यानंतर महाबळेश्वराचे दर्शन. महाबळेश्वराचे देवालय पश्चिमाभिमुख असून समुद्र तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. लिंग पीठातील पोकळीत खोल असल्याने त्याचा माथा बोटांच्या स्पर्शानेच जाणवतो. गर्भगृहाजवळ जाताना पुरुषांनी सदरा उतरावा असा तेथील नियम आहे. वस्त्रे व दर्शनाच्या वेळा यांबाबत देवालयातील सूचना पाहाव्यात.

पहिले पाणी : समुद्र

समुद्राला दिवसातून साधारणतः दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने हे घडते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास दोघांचे आकर्षण एका रेषेत येते, तेव्हा पाणी अधिक चढते व अधिक उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्यास भांग म्हणतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

कोंकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येणारा अंक म्हणजे भरतीचा सुमाराचा तास. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या आसपास. चतुर्दशीस चौदाची पाऊणपट साडेदहा. हा हिशेब ढोबळ आहे, आणि मुंबईच्या मानाने दक्षिणेकडील किनाऱ्यावर भरती काहीशी आधी येते. म्हणून प्रत्यक्ष वेळ किनाऱ्यावरील कोळी बांधवांना विचारून घ्यावी. खारवी, हरिकंत्र इत्यादी समाजांतील ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या हाच समुद्र पाहत आली आहेत.

या आडाख्याचा यात्रेशी निकटचा संबंध आहे. गोकर्णाची मोठी यात्रा महाशिवरात्रीस भरते व त्या पर्वात महारथाची मिरवणूक निघते. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे अमावास्येच्या तोंडावर येते. साहजिकच तो काळ उधाणाचा असतो. त्या दिवशी सकाळी भरती पुरी होऊन सुमारे दहानंतर पाणी वेगाने उतरू लागते. अमावास्येस पितृकार्यासाठी येणाऱ्यांसही हेच लागू पडते. यात्रेकरू उपवासाने थकलेले, रात्रीच्या जागरणाने सुस्तावलेले, गर्दीत दाटलेले असतात. आणि नेमका त्याच वेळी समुद्र जोरात असतो.

याहून मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात ते परत समुद्रात जावेच लागते. पुष्कळदा ते सर्व ठिकाणांहून सारखे न जाता, वाळूच्या तळात जेथे खोलगट वाट पडलेली असते तेथून एका अरुंद प्रवाहाने वेगात परतते. तेथे पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंस फेसाळ लाटा आणि मध्ये गडद रंगाचा, शांत दिसणारा पट्टा असे दृश्य दिसते. नवख्या माणसास तो पट्टाच स्नानास योग्य वाटतो, आणि तेथेच घात होतो. हा प्रवाह माणसास तळाशी ओढत नाही. तो त्यास किनाऱ्यापासून दूर नेतो. त्याच्या विरुद्ध पोहण्याचा प्रयत्न करणारा पट्टीचा पोहणारासुद्धा दमतो व बुडतो. ओहोटी लागल्यावर अशा प्रवाहांची ओढ सामान्यतः वाढते. म्हणून प्रत्येकाने एवढे पक्के ध्यानात ठेवावे की, समुद्रात जेथे लाट फुटत नाही ती जागा शांत दिसली तरी सुरक्षित समजू नये.

स्नान करणाऱ्याने पुढील नियम पाळावेत :

१. स्थानिक लोक जेथे स्नान करतात तेथेच उतरावे. तांबडे निशाण किंवा मनाईचा फलक असल्यास पाण्यात पाय घालू नये. जीवरक्षक असल्यास त्याची सूचना अखेरची मानावी.

२. गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये. तेथे बसून तांब्याने अंगावर पाणी घेतले तरी स्नान पूर्ण होते. भिजलेले लुगडे किंवा धोतर जड होते व पायांत गुंतते, हे विसरू नये.

३. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. मुलांचा हात सोडू नये. वृद्धांसोबत एक धडधाकट माणूस असावा.

४. पावसाळ्यात समुद्रस्नान करू नये. त्या दिवसांत वाळूवरूनच प्रोक्षण करावे.

५. कुडले, ओम इत्यादी किनाऱ्यांवरील खडक शेवाळाने निसरडे व कालवांनी धारदार झालेले असतात. छायाचित्रासाठी त्यांवर चढू नये.

६. प्रवाहात सापडल्यास घाबरून किनाऱ्याकडे झेप घेऊ नये. उताणे होऊन तरंगावे, हात वर करून हाक मारावी, आणि बळ असल्यास किनाऱ्याला समांतर असे बाजूस पोहावे. प्रवाह अरुंद असतो. त्याच्या बाहेर पडल्यावर लाटांच्या साहाय्याने परत येता येते.

७. कोणी बुडत असल्यास पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये. हातांत हात घालून साखळी करू नये. अशाने एकाऐवजी अनेकांचा जीव धोक्यात येतो. दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा फुगवलेली रबरी नळी त्याच्याकडे फेकावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा त्याचे पोट दाबणे हे प्रकार अजून काही ठिकाणी दिसतात. ते घातक आहेत. पोट दाबल्याने अन्न व पाणी श्वासनलिकेत जाते आणि अमूल्य वेळ वाया जातो. श्वास चालू असल्यास त्यास कुशीवर निजवून ऊब द्यावी. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे हे उपाय लगेच सुरू करावेत. हे शिक्षण प्रत्येक शाळेतील निदान एका शिक्षकाने घेतलेले असावे.

दुसरे पाणी : कोटितीर्थ

कोटितीर्थ हे दगडी पायऱ्यांनी बांधलेले मोठे तळे असून त्याच्या भोवती घरे व लहान देवळे आहेत. येथे स्नान, तर्पण व श्राद्धादी कर्मे चालतात. तळ्याचा स्वभाव समुद्राहून वेगळा आहे. समुद्राचे पाणी अखंड हालते. तळ्यातील पाणी कोंडलेले असते. जे त्यात पडते ते त्यातच राहते.

निर्माल्य, पिंडाचा भात, पीठ, तेल, साबण यांमुळे तळ्यातील पाण्याला खत मिळते. त्यावर शेवाळ व सूक्ष्म वनस्पती वाढून पाणी हिरवे होते. त्या मेल्या की कुजतात, व कुजण्याच्या क्रियेत पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. मग मासे गुदमरून मरतात आणि पाण्यास दुर्गंधी येते. ही स्थिती कोणत्याही गावच्या बंद तळ्याला येऊ शकते. एका माणसाने टाकलेल्या मूठभर फुलांचे काही वाटत नाही. परंतु यात्रेत मुठी हजारो असतात.

यावर उपाय साधे आहेत. तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन पायरीवर स्नान करावे, साबण लावू नये. निर्माल्य ठेवण्याची वेगळी जागा असल्यास तेथेच ठेवावे. पिंडदानासाठी केळीचे पान किंवा पत्रावळ वापरावी. प्लॅस्टिकची पिशवी, मृताचे कपडे, तसबिरी वा औषधाच्या बाटल्या पाण्यात सोडू नयेत. कर्माचा अवशेष किती व कोठे विसर्जित करावा, हे आपल्या पुरोहितास आधीच विचारून घ्यावे. तळ्याच्या पायऱ्याही ओल्या व निसरड्या असतात आणि त्यांच्या पुढील खोली एकाएकी वाढते. तेव्हा येथेही मुलांवर लक्ष असावे. या पाण्याने आचमन करण्याची इच्छा असल्यास ते ओठांना लावण्यापुरतेच घ्यावे. पिण्याचे पाणी म्हणून ते भरून नेऊ नये.

तिसरे पाणी : झरा व विहीर

गावाच्या दक्षिणेस टेकडीच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून, रामाचे देऊळ आहे. तेथे गोड्या पाण्याचा झरा वाहतो; त्यास रामतीर्थ म्हणतात. खाली खारा समुद्र आणि वर गोडे पाणी हे पाहून यात्रेकरूस नवल वाटते. त्याचे कारण टेकडीच्या पोटात आहे. या भागातील टेकड्यांवर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषून घेतो. ते पाणी आतून झिरपत, खालच्या घट्ट थरावर अडून, उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते.

समुद्रकाठच्या विहिरींनाही पावसाचेच पाणी असते. खारे पाणी जड व गोडे पाणी हलके. समुद्राच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; म्हणून ते गोड्या पाण्याहून चाळिसाव्या हिश्श्याने जड भरते. त्यामुळे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर उंच असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलट अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. अतिउपशाने ही पातळी एक मीटर खाली गेली की खालून खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर चढू शकते. विहीर एकदा खारट झाली म्हणजे ती पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागू शकतात.

वसतिगृहे, भोजनगृहे व स्नानगृहे वाढली की उपसा वाढतो. यात्रेकरूच्या घरी नळ चोवीस तास वाहत नाही. परगावी मात्र भाडे भरले या भावनेने तो नळ मोकळा सोडतो. ते पाणी तेथील कुटुंबांच्या वर्षभराच्या साठ्यातून येते. रामतीर्थाच्या झऱ्यावर कपडे धुणे, साबण लावणे हेही याच कारणाने अनुचित होय. पिण्याचे पाणी उकळलेले वा गाळून शुद्ध केलेले घ्यावे, व घरून धातूची बाटली आणल्यास प्लॅस्टिकचा कचराही टळेल.

ग्रामपंचायती व शाळा यांसाठी सूचना

गावातून यात्रेची गाडी निघण्यापूर्वी एक छोटी सभा घ्यावी. तीत यात्रेकरूंची यादी, आजार व औषधे यांची नोंद करावी. प्रत्येक दहा माणसांमागे एक प्रमुख नेमावा. जाण्याच्या दिवसाची तिथी पाहून भरतीचा अंदाज सांगावा. आणि शांत दिसणाऱ्या पाण्याचा धोका फळ्यावर आकृती काढून समजावून द्यावा. गाडीत एक लांब दोर व झाकणाचे दोन रिकामे कॅन ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. शाळेची सहल असल्यास स्नानाच्या वेळी शिक्षकांनी स्वतः किनाऱ्यावर उभे राहून आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या मुलांची गणती करावी.

शिक्षकांना वर्गात पुढील अभ्यास देता येतील :

१. महिनाभर पंचांगातील तिथी लिहून पाऊणपटीच्या आडाख्याने भरतीच्या वेळा काढा. किनाऱ्यावरील शाळांनी त्या प्रत्यक्ष वेळांशी ताडून पाहाव्यात व फरक किती येतो ते नोंदवावे.

२. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. उन्हात पसरट थाळीत ते आटवून मीठ परत किती मिळते ते तोला. साणिकट्ट्याच्या मिठागरात हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर होते.

३. दोन बाटल्यांत तळ्याचे पाणी घ्या. एकीत फुले व शिजलेला भात घाला. दोन्ही आठ दिवस ठेवून रंग व वास यांतील बदल नोंदवा. प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवा.

४. आपल्या गावातील तळे, विहीर वा नदीघाट यांचा नकाशा काढा. उतरण्यास सुरक्षित व धोक्याच्या जागा त्यावर दाखवा, आणि तो ग्रामपंचायतीस द्या.

गोकर्णास जाणारा मनुष्य पापक्षालनाची इच्छा धरून जातो. तेथील नदीचे नावच त्या इच्छेचे द्योतक आहे. परंतु पाणी माणसाची श्रद्धा पाहून आपला स्वभाव बदलत नाही. समुद्राची ओढ, तळ्याचे कोंडलेपण आणि विहिरीची मर्यादा ओळखून जो वागेल तो स्वतः सुखरूप घरी परतेल, आणि मागून येणाऱ्यासही ते पाणी स्नानायोग्य व पेययोग्य मिळेल. उतरण्याची सुरक्षित जागा हा तीर्थाचा मूळ अर्थ असा टिकवून ठेवणे हे यात्रेकरूच्याच हाती आहे.